कठड्याच्या आत, बादली घेऊन

बादलीमावशीला त्या चर्चच्या मंडळीत बादलीशिवाय कोणी पाहिलेले नव्हते. स्वतःच्या लग्नातही ती बादली घेऊनच उभी होती, असे लोक सांगत. ते अर्थात खोटे होते, पण खोटे बोलताना लोक फार लांब गेले नव्हते. नवरा चर्चचा चौकीदार होता. मागच्या आवारातल्या दोन खोल्या त्याला राहायला मिळाल्या होत्या. तो गेल्यावर त्या खोल्या टिकवायच्या तर चर्चची फरशी कोणीतरी पुसायला हवी होती. मावशीने बाह्या सरसावल्या, आणि त्यानंतर त्या खाली करायला तिला सवडच झाली नाही.

फरशी मात्र अशी पुसायची की रविवारी उपासनेला आलेली माणसे देवाचे दर्शन घेण्याआधी खाली वाकून स्वतःचे घेत. बाकांशी तिचे भांडण चाले. पितळी मेणबत्तीदानांना ती लाडाने शिव्या देई. कामात सोबत हवी म्हणून देवाशीही बोले. ती प्रार्थना नव्हे. प्रार्थनेत बाप म्हणून हाक मारावी लागते, आणि बाप म्हटले की मावशीला स्वतःचा बाप आठवे. तो दारातून आत आला की घरातली भांडीसुद्धा आवाज करायची बंद होत. म्हणून ती देवाला कुठल्याच नात्यात न गुंतवता बोले. वेदीपुढे पुसताना म्हणे, “पाय उचला जरा, ओलं आहे.” मग थोडी थांबे. तेवढ्या वेळात देव पाय उचलत असावा, कारण तक्रार कधी आली नाही.

आता या चर्चचा एक नियम सांगायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावरून घडले. वेदीभोवती लाकडी कठडा होता, आणि कठड्याच्या आत बाईमाणसाने जायचे नाही. का, हे कुठे लिहिलेले नव्हते. पाळकसाहेबांना विचारले तर ते पहिल्या बाईने बागेत तोडलेल्या फळापासून सुरुवात करत आणि विचारणाऱ्याला काम आठवेपर्यंत थांबत नसत. पंचांचे प्रमुख औषधवाले काका. त्यांचे चौकात औषधांचे दुकान होते आणि चेहरा कायम कडू डोस घेतल्यासारखा. ते म्हणत, “आधीपासून आहे.” नवऱ्या मुली कठड्याबाहेर उभ्या राहत. भगिनी मंडळाच्या बायका फुले आणत आणि कठड्यावरून आत देत. पाळकीणबाई ऑर्गन वाजवत, म्हणून ऑर्गनही बाहेर.

बादलीमावशी तेवढी आत जाई, कारण वेदीवरही धूळ बसतेच आणि ती पुसायला पंच काही जाणार नव्हते. एकदा नुसती फुलदाणी सरळ करायला ती मोकळ्या हाताने आत गेली, तर औषधवाले काका मागच्या बाकावरून असे खाकरले की ती तशीच उलट फिरली. जाऊन बादली घेऊन आली, आत गेली आणि फुलदाणी सरळ केली. बादलीत थेंबभर पाणी नव्हते. पण काकांचे समाधान झाले.

मावशीला यात वाईट वाटण्यासारखे काही दिसले नव्हते. उलट भगिनी मंडळात ती मिरवायची. “तुम्ही सगळ्या बाहेरच्या. आतली मी एकटी.”

मावशीला एकच लेक. तिचे लग्न झाले ते गायनमंडळाच्या प्रमुखाशी. साखरेला विरघळताना आवाज असता तर तो या माणसाच्या गळ्यासारखा असता. तो गायला लागला की म्हाताऱ्या माणसांना मेलेली भावंडे आठवत आणि तरुण बायकांना आपण लग्नाची घाई केली असे वाटे. राहायला जागा नव्हती म्हणून तो सासूच्याच दोन खोल्यांत आला. घरजावई आणला म्हणून शेजारणींनी चिडवले, तर मावशी म्हणाली, “तुमच्या घरी रेडिओ आणतात, आम्ही जावई आणला.”

हा रेडिओ घरात वेगळे स्टेशन लावतो, हे कळायला वेळ लागला. दोन खोल्यांमधली भिंत पातळ होती. आधी पलीकडून प्रार्थना ऐकू यायची, मऊ आवाजात, सावकाश. आपल्या पत्नीला नम्रता दे, आज्ञाधारकपणा दे. मग शांतता. मग काहीतरी जमिनीवर पडल्याचा आवाज, पुन्हा एकदा तसाच आवाज, आणि शेवटी ‘आमेन’. त्याने आवाज कधी चढवला नाही. शेजाऱ्यांना ऐकू जायची ती फक्त प्रार्थना, आणि त्या घरात किती भक्ती आहे म्हणून ते आपापल्या मुलांना उदाहरण देत.

लेक भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालू लागली. मावशीने एकदा बाही मागे सारली आणि हातावरच्या पट्ट्याच्या वळांकडे बघतच राहिली.

लेक म्हणाली, “चूक माझीच होती, आई. शास्त्रातच आहे. ते मस्तक आहेत आणि मी शरीर.”

“मग मस्तकाला हात कशाला फुटलेत?”

लेक हसली नाही. पूर्वी आईच्या असल्या बोलण्यावर ती पोट धरून हसायची. त्या दिवशी मावशी पहिल्यांदा खरी घाबरली.

शेवटी ती पाळकसाहेबांकडे गेली. पाळकसाहेब मनाने वाईट नव्हते. जगात ते दोनच गोष्टींना भीत, एक उघड्या खिडकीतून येणारा वारा आणि दुसरे औषधवाले काका. त्यांनी मावशीचे सगळे ऐकून घेतले, डोळे मिटले, आणि प्रत्येकाला आपापला क्रूस वाहावा लागतो असे सांगितले. नवऱ्याने बायकोवर प्रेम करायचे ते प्रभूने मंडळीवर केले तसे, हेही सांगितले.

“साहेब,” मावशी म्हणाली, “प्रभूनं मंडळीला पट्ट्यानं मारल्याचं काही मी ऐकलेलं नाही.”

पाळकसाहेबांनी उठून खिडकी लावली. तेवढ्यात पाळकीणबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या. या बाईंचा आवाज मंडळीत कोणी ऐकला नव्हता. त्यांचे जे काही बोलणे होते ते ऑर्गनवर, आणि तेही नवरा सांगेल त्या गीतात. त्यांनी पेला मावशीपुढे ठेवला, पण पेल्यावरचा हात लवकर उचलला नाही. पाळकसाहेबांनी नुसते वळून बघितले, तशा त्या आत गेल्या.

मग पाळकसाहेबांनी रीत सांगितली. असा विषय पंचांपुढे मांडायचा असतो. पंचांच्या बैठकीत बाई बोलत नाही. तिचे म्हणणे तिच्या घरचा कर्ता पुरुष मांडतो.

“माझा नवरा वारला, साहेब. तुम्हीच पुरलात.”

“हो, हो. मग आता घरात पुरुष कोण आहे?”

“जावई,” मावशी म्हणाली. आपण काय विचारले हे पाळकसाहेबांच्याही ध्यानात आले असावे, कारण ते दुसरी खिडकी लावायला उठले. पण रीत ती रीत.

आणि खरोखर तसेच झाले. जावयाविरुद्धची सासूची तक्रार पंचांपुढे जावयानेच मांडली, आणि फार सुंदर मांडली. मावशी बंद दाराबाहेर बादली पालथी घालून बसली होती. तिला शब्द कळले नाहीत, पण तो आवाज कळला. माझ्या सासूबाईंना काळजी वाटते, असे तो म्हणाला. त्यांचे चुकत नाही, आईचे काळीज आहे. दोष असेल तर माझ्या अपुऱ्या प्रार्थनेचा. हे तिला नंतर सांगितले ते काकांनी, डोळे पुसत. या माणसाच्या डोळ्यांतून पाणी काढणे म्हणजे दगडाला पाझर फोडणे होते, आणि जावयाने तो फोडला होता. पंचांनी गुडघे टेकून त्याच्यासाठी प्रार्थना केली. वर एक ठरावही केला. जावयाला दूरच्या मोठ्या शहरात, मोठ्या चर्चच्या गायनमंडळावर बोलावणे आलेच होते. तर येत्या रविवारी नवरा-बायकोने कठड्यापुढे गुडघे टेकावेत, बायकोने आज्ञापालनाचे वचन सगळ्यांसमक्ष पुन्हा द्यावे, मंडळीने आशीर्वाद द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दोघांनी निघावे.

“दूर गेल्यावर सुखी होतील,” काका म्हणाले. “मध्ये माहेर असलं की संसार नासतो.”

मावशीला त्यातला एकच अर्थ दिसला. तिथे भिंतीपलीकडे ऐकणारे कोणी नसेल.

त्या आठवड्यात तिने लेकीला नाना परीने सांगून पाहिले. जाऊ नको, आजारी पड, चक्कर आल्याचे सोंग कर. लेक ट्रंक भरत राहिली. तिचा उजवा गुडघा सुजला होता आणि ती पाय ओढत चालत होती. विचारले तर म्हणाली, “जिन्यावरून पडले.” त्या घराला जिना नव्हता. आईने तिच्याकडे पाहिले, तिने आईकडे पाहिले, आणि दोघी पुन्हा कपड्यांच्या घड्या करू लागल्या.

शनिवारी मावशी चर्च पुसायला गेली ती तोंडाचा पट्टा सोडूनच. देवाला म्हणाली, “पाय उचलू नका आज. बसा तसेच, ओले होऊ द्या.” इतकी वर्षे तुमच्या दारात पाणी ओतले, म्हणाली. जगात किती बाया, त्यांतली एकही तुमच्यापर्यंत बोलायला पोचत नाही, सगळ्यांचे निरोप पुरुष आणतात, आणि वाटेत काय काय गाळतात ते तुम्हाला तरी कळते का? मग पोछा आपटता आपटता तिला प्रभूच्या कबरीपाशी गेलेल्या बायकांची गोष्ट आठवली. दर वर्षी ऐकलेली. पाळकसाहेब ती सांगताना बायकांच्या भागावरून भराभर पुढे जात, ओल्या फरशीवरून जावे तसे.

त्या बाया तिथे काही उपदेश करायला गेल्या नव्हत्या. प्रभूचे शरीर नीट करायचे राहिले होते, म्हणून सुगंधी तेले-मसाले घेऊन कामाला गेल्या होत्या. पुरुषमंडळी भीतीने दारे लावून बसलेली. म्हणून मग प्रभू पुन्हा जिवंत उठल्याची पहिली बातमी बायांना मिळाली, दुसरे कोणी हजरच नव्हते. धावत येऊन त्यांनी सांगितले, तर पुरुष म्हणाले, बायकांची बडबड.

मावशी पोछ्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. “कामाला आली म्हणून आत आली,” ती देवाला म्हणाली. “आणि आत होती म्हणून बोलली. असंच ना?”

देव काही बोलला नाही. पण नाही असेही म्हणाला नाही.

रविवारी चर्च भरले. जावयाला निरोप द्यायला एरवी न येणारेही आले होते. गायनमंडळाचे गीत झाले, तो स्वतः त्यात गायला, पुढच्या बाकावरच्या आजींनी रुमाल काढले. मग तो खाली उतरला, बायकोचा हात धरून तिला कठड्यापुढे आणले, आणि दोघांनी गुडघे टेकले. लेकीला टेकायला वेळ लागला. किती ही नम्रता, असे कोणीतरी मागे पुटपुटले.

आणि वेदीच्या बाजूच्या वेस्ट्रीच्या, म्हणजे पाळकांच्या झगे बदलायच्या खोलीच्या, दारातून बादलीमावशी बाहेर आली. एका हातात बादली, दुसऱ्यात पोछा. रविवारी, भर उपासनेत.

पाळकसाहेबांचे वाक्य अर्ध्यात राहिले. “मावशी, आत्ता?”

“सांडलंय,” मावशी म्हणाली, आणि वेदीसमोर पुसायला लागली.

मागच्या बाकावर औषधवाले काका खाकरायला उठले आणि उठल्या जागी घोटाळले. बाई आत होती, पण बादली घेऊन होती. त्यांच्या आठवणीतल्या सगळ्या रीतींत यावर उत्तर नव्हते. ते खाकरलेही नाहीत आणि बसलेही नाहीत, तसेच अर्धवट वाकून राहिले, सुटे पैसे पडलेल्या माणसासारखे.

मावशीने रात्रभर भाषण पाठ केले होते. त्यात भिंत होती, पट्टा होता, कबरीपाशी गेलेल्या बाया होत्या, आणि शेवटी काकांना उद्देशून एक चांगला टोमणाही होता. तिने तोंड उघडले आणि त्यातला एक शब्द आठवेना. ती एकच फरशी पुन्हा पुन्हा पुसत राहिली. पाळकसाहेबांना वाटले, हे एवढ्यावरच निभावते आहे. ते घाईघाईने लेकीकडे वळले आणि वचनाचे शब्द सांगू लागले.

लेकीचे ओठ हलले, आवाज आला नाही. मावशी पुसत पुसत कठड्यापर्यंत आली. आता दोघींमध्ये ते लाकूड तेवढे होते. बाहेर लेक गुडघ्यांवर, आत आई, पोछा धरून. इतक्या जवळून, इतक्या उजेडात तिने लेकीचा चेहरा बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. लेकीने पावडर फार लावली होती.

“पोरी, ऊठ,” मावशी म्हणाली.

तिला वाटले आपण ओरडलो. प्रत्यक्षात पहिल्या दोन बाकांनाच ऐकू गेले.

लेकीने मान वर केली. “आई, गुडघा सरळ होत नाहीये,” ती हळूच म्हणाली. “मला उठताच येत नाही.”

जावई हसतमुखाने पुढे झाला, सगळ्यांना दिसेल अशा मायेने त्याने तिच्या दंडाखाली हात घातला आणि तिला उचलू लागला. लेकीच्या तोंडून एक आवाज निघाला. मोठा नव्हता. गरम तव्याला चुकून बोट लागले की निघतो तसा, आणि निघताक्षणी तिने तो गिळला. पण ते चर्च गाण्यासाठी बांधलेले होते. तिथे पडलेला आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाई, आणि तोही गेला. रुमाल घेतलेल्या आजींचे हात खाली आले.

मावशीने पोछ्याचा दांडा कठड्यावरून पुढे केला. लेकीने आधी त्या दांड्याकडे बघितले, मग दंडावरच्या नवऱ्याच्या हाताकडे. मग तिने दोन्ही हातांनी दांडा धरला. मावशीने कठड्याला पाय लावून विहिरीतून घागर ओढावी तशी तिला ओढली. लेक उभी राहिली, लंगडत कठड्याच्या फाटकापाशी आली, आणि मावशीने फाटक उघडले.

आता मात्र औषधवाल्या काकांना वाचा फुटली. “बाईमाणसानं आत जायचं नाही.”

मावशीने बादली उचलली आणि लेकीच्या हातात दिली.

दोघी वेस्ट्रीत शिरेपर्यंत कोणी हलले नाही. इथपर्यंतचेच मावशीने ठरवले होते, त्याच्या पुढचे काहीच नाही. मागच्या आवारातून घरी जावे तर घराची किल्ली जावयाच्या खिशात. रस्त्यावर जावे तर फाटक चर्चला वळसा घालून पलीकडे, आणि लेकीचा पाय तर जमिनीला लागत नव्हता. शेवटी तिने लेकीला वेस्ट्रीतल्या झाडू-पोछ्यांच्या खोलीत ढकलले आणि दार ओढून घेतले. दाराला आतून कडी नव्हती. झाडूंना स्वतःला कोंडून घ्यायची गरज आजवर पडली नव्हती. तिने पोछ्याचा दांडा दाराच्या मुठीतून आडवा घातला.

बाहेर पाळकसाहेबांनी घाईने गीत सांगितले. ऑर्गन सुरू झाला. गायनप्रमुखाशिवाय मंडळी गाऊ लागली ती जत्रेतून सुटलेल्या गुरांसारखी, ज्याला जिथे वाट दिसेल तिथे.

मग वेस्ट्रीत पावले वाजली. दाराखालच्या फटीत दोन चकचकीत बूट येऊन थांबले.

“आई,” जावई मऊ आवाजात म्हणाला, “दार उघडा. आपण तिघं मिळून प्रार्थना करू.”

प्रार्थना हा शब्द ऐकताच लेकीने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि ती भिंतीला चिकटून खाली बसली. इतक्या सवयीने की तिचे तिलाही कळले नसावे. मावशीने ते पाहिले, आणि आजवर भिंतीपलीकडून जे नुसते ऐकले होते त्याचे चित्र तिच्यापुढे पूर्ण झाले. तिने दांड्यावर दोन्ही हात दाबून धरले.

बुटांच्या मागे आणखी एक जोड आला. “मावशी,” औषधवाले काका म्हणाले, “त्या खोल्या चर्चच्या आहेत, एवढं ध्यानात असू द्या.”

“माझं काय घेऊन बसलात,” मावशी दाराला म्हणाली, “पोरगी तेवढी राहू द्या माझी. खोल्या घ्या, बादली घ्या, सगळं घ्या.” आणि ती रडायला लागली, कारण बादली आता लेकीजवळ होती आणि ती घ्यायला कोणी आले तर लेकीला आत राहायला कारणच उरणार नव्हते. माणूस घाबरला की असले हिशेब करतो.

जावयाने मूठ हळूच हलवून पाहिली. दांडा करकरला. पुन्हा हलवली, या खेपेला तितकी हळू नाही.

तेवढ्यात ऑर्गन थांबला. कडवे संपले नव्हते. मध्येच, ओळ अर्ध्यावर असताना थांबला. मंडळी सवयीने चार शब्द पुढे गेली आणि एकमेकांवर आपटून गप्प झाली. त्या चर्चमध्ये ऑर्गन असा कधीच थांबला नव्हता. बाहेर पाळकसाहेबांनी कोणालातरी हाक मारली. पुन्हा मारली.

हलकी, घाबरी पावले वेस्ट्रीत आली. फटीतले बूट जरासे बाजूला झाले, पण गेले नाहीत. बुटांच्या मध्ये एक बारीक चप्पल येऊन उभी राहिली. दारावर टिचकी पडली.

“मावशी,” एक आवाज आला. बायकी, चिरका, वापरात नसलेल्या बिजागरीसारखा. हा कोणाचा आवाज, ते मावशीला कळेना. मंडळीतला प्रत्येक गळा तिला ठाऊक होता, पण हा तिने कधी ऐकला नव्हता. मग एकदम तिच्या ध्यानात आले.

“मावशी, मी पाळकीण,” बाहेरून त्या म्हणाल्या. श्वास लागला होता. “आणखी एखादी बादली आहे का?”

मावशीने डोळे पुसून खोलीत बघितले. कोपऱ्यात एक जुनी बादली होती, बूड गेलेली, ती फेकायची म्हणून ती किती दिवस म्हणत होती. दाराखालच्या फटीत बूट तसेच उभे होते. ही बाई एकटी आली आहे की कोणी पुढे घालून आणली आहे, हे दार उघडल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता, आणि उघडले की दांडा पुन्हा बसवायला वेळ मिळणार नव्हता.

“आहे,” ती म्हणाली. “पण गळकी आहे.”

“चालेल.”

मावशीने लेकीकडे पाहिले. लेकीने डोक्यावरचा एक हात खाली घेतला होता. मावशीने दांडा काढायला हात घातला.